चपला बाहेर

"ऐकू येत नाही!"

मृणाल सभागृहाच्या पार दुसऱ्या टोकाहून ओरडली. म्हणजे ती असं ओरडली होती, हे मला नंतर कळलं. माझी तालीम चालली होती, आणि मधे तिच्या रविवारच्या फेरीतली माणसं अजून बूट वाजवत हिंडत होती. माझ्यापर्यंत पोचलं ते नुसतं "ऊऊ... ईई..." असं काहीतरी. ते आधी छताच्या लाकडी कमानींत गेलं, तिथे इकडेतिकडे आपटलं आणि खाली येईस्तोवर त्याचं पार पीठ झालं. मला वाटलं, पोर कौतुक करतेय. मी मान डोलावली आणि खांबांच्या माथ्यावरच्या नक्षीबद्दल पुढे सांगू लागले.

शेवटी तीच बूट वाजवत चालत आली. तिच्या पावलांचा आवाज तिच्याआधी येऊन पोचला.

"हेमाताई, मी तिकडून हात हलवतेय, घसा फोडतेय आणि तुम्ही आपल्या बोलतच आहात!"

"मला वाटलं, तुला आवडलं."

"आवडायला आधी ऐकू तर यायला हवं! तुम्ही त्या खांबाला सांगत होता की मला?"

"तुलाच. खांबाला ठाऊकच असणार."

ती हसली, पण कपाळावरची आठी गेली नाही. मृणाल चौबळ आर्किटेक्ट होती, चाळिशीच्या आतली, कायम घाईत. दर रविवारी ती लोकांना मुंबईतल्या जुन्या इमारती हिंडून दाखवायची, त्यातही फोर्टातल्या आमच्या विद्यापीठाचं आवार तिचं लाडकं. हे सगळं इंग्रजीत. दोन वर्षं मी तिच्या फेऱ्यांना जात होते, सगळ्यांच्या मागे उभी राहून ऐकत होते. एकदा धीर करून विचारलं, "मराठीत का नाही करत?" ती म्हणाली, "करणार कोण?" मी म्हटलं, "मी करीन." हे मला तीनदा म्हणावं लागलं, कारण पहिल्या दोन वेळा तिला ऐकूच आलं नव्हतं. तिनं तेव्हाच ओळखायला हवं होतं.

मला ते का करायचं होतं, हेही सांगून टाकते. त्याच विद्यापीठाची मी बी.ए. झाले, पण पदवीदानाच्या दिवशी मी गिरगावात बाळंतिणीच्या खाटेवर होते. पदवी आली ती पोस्टानं, पुठ्ठ्याच्या नळकांड्यातून. पुढे तीस वर्षं बसमधून त्या इमारतीवरून जात राहिले. दगडी मनोरा दिसायचा, कमानी दिसायच्या, ती मोठी गोल खिडकी बाहेरून काळपट दिसायची. आत काय असेल, असं दर वेळी वाटायचं आणि दर वेळी बस पुढे जायची. पन्नाशी उलटल्यावर मृणालच्या पहिल्या फेरीत मी आत पाऊल टाकलं, आणि ती काळपट खिडकी आतून पेटलेली पाहिली. तांबडी, निळी, मोरपंखी. मी तिथेच हात जोडले. त्या क्षणी मनात आलं ते एवढंच, की माझ्यासारख्या बसमधून नुसत्या जाणाऱ्या बायका किती असतील! त्यांना धरून आत आणायचं.

"आवाज चढवा, हेमाताई," मृणाल म्हणाली. "बाकी सगळं तुमचं पाठ आहे. माझ्यापेक्षा गोड सांगता. पण शेवटच्या बाईला ऐकू गेलं नाही, तर ती फेरी कसली?"

"आवाज चढवायचा नाही, असा माझा नेम आहे गं."

"कसला नेम?"

"रोज सकाळी दिवा लावला की म्हणते. आजच्या दिवसात कोणावर आवाज चढवणार नाही. आईनं लावून दिलाय, लग्नाच्या आधी."

"कोणावर चढवू नका. हवेत चढवा!"

मी नुसती मान हलवली. तिला वाटलं, मी ऐकलं. मी मनात म्हणत होते, देवापुढे बोललेल्या शब्दाला अशी पळवाट काढता येते का? येत असेल, तर मग शब्द द्यायचाच कशाला?

घरी येऊन आमच्या ह्यांना सांगितलं. त्यांना उत्साह फार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते समोरच्या चाळीच्या गॅलरीत जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, बोल. मी आमच्या गॅलरीतून कुर्ल्याच्या आणि पोरबंदरच्या दगडातला फरक सांगायला सुरुवात केली. मधे रस्ता, रस्त्यावर टेम्पो. हे कानाला हात लावून उभे. दोन्ही चाळींतली माणसं बाहेर आली.

"वर्तकवहिनी, काय हवंय? मी आणून देतो!" खालून एकजण ओरडला.

"भांडण झालंय वाटतं," दुसरी म्हणाली. "म्हणून ते तिकडे राहायला गेलेत."

तो प्रयोग तिथेच आटोपला.

मग मृणालनं कमरेला बांधायचा छोटा स्पीकर आणला. शिकवणीवाले वापरतात तसला. आवारात तो बरा चालला. सभागृहात मी "नमस्कार" म्हटलं आणि माझाच नमस्कार चारी भिंतींवरून माझ्या अंगावर धावून आला. पुढचं वाक्य मी बोलले, तेव्हा आधीचं अजून छतातच फिरत होतं. दोन्ही एकमेकांत मिसळले. दारातले वॉचमन दळवी पळत आत आले, त्यांना वाटलं काही कोसळलं.

आणि त्यांच्या मागोमाग बोंद्रेसाहेब.

बोंद्रेसाहेब विद्यापीठात उपकुलसचिव होते. आवारात कोण येणार, कोण नाही, हे त्यांच्या हातात होतं. माणूस वाईट नव्हता, पण सभागृहाला लागूनच वाचनालय, आणि वाचणाऱ्या मुलांच्या तक्रारी रोज त्यांच्या टेबलावर. त्यांनी स्पीकरकडे पाहिलं, मग मृणालकडे.

"मॅडम, तुमच्या रविवारच्या फेऱ्या मी चालवून घेतो. रविवारी वाचनालय बंद असतं. आता ही मराठी फेरी तुम्हाला आठवड्याच्या मधल्या वारी हवी. वर हे यंत्र! ते जाऊ दे, नुसते तीस माणसांचे बूट त्या फरशीवर वाजले तरी पलीकडे मुलं पुस्तक मिटतात."

"सर, एकच संधी द्या," मृणाल म्हणाली. "उरणचं महिला मंडळ येतंय, शुक्रवारी. त्यांना फक्त शुक्रवारीच जमतंय."

"एकच. आवाज झाला, तर ती मराठी फेरी तिथेच संपली. पुन्हा विचारायला यायचं नाही."

ते गेले. मृणालला मी मोठ्यानं बोलायला हवी होते, साहेबांना कोणीच बोलायला नको होतं. तिनं स्पीकर काढून पिशवीत टाकला.

"शुक्रवारी मी शेवटच्या बाकाशी उभी राहीन," ती म्हणाली. "माझ्यापर्यंत आलं तर फेरी तुमची. नाही आलं, तर मी कोणीतरी दुसरं बघेन. राग मानू नका, हेमाताई."

"राग कसला," मी म्हटलं. घरी जाताना मात्र बसच्या खिडकीतून मी त्या इमारतीकडे पाहिलं नाही.

तो शुक्रवार नवरात्रातला. नवरात्राचे नऊही दिवस मी अनवाणी असते. गिरगावातून निघाले तेव्हा डांबर अजून सोसवत होतं, फोर्टात पोचले तोवर ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं. सावलीची कड धरून चालत होते, तरी दोन ठिकाणी उड्या मारत रस्ता ओलांडावा लागला. मृणालनं मला लांबूनच पाहिलं.

"चपला तुटल्या का?"

"नवरात्र आहे ना."

"अहो, पण तुम्ही आज गाईड आहात!"

"माहिती काय पायांनी सांगायचीय?"

तेवढ्यात फाटकातून बायका येऊ लागल्या. पेपरात त्या दिवसाचा रंग पांढरा होता, त्यामुळे सगळ्या पांढऱ्या साड्यांत. कोणाची लाल काठाची, कोणाची जरीची, एकीची तर नवऱ्याच्या पांढऱ्या धोतराइतकी साधी. पहाटे उरणच्या मोरा बंदरातून लाँचनं निघून त्या भाऊच्या धक्क्याला उतरल्या होत्या. मुंबादेवी झाली होती, काळबादेवी झाली होती, महालक्ष्मीला रांगेत दोन तास उभ्या राहून ओटी भरून झाली होती. हातात प्रसादाच्या पिशव्या, डोक्यात फुलं. मंडळाच्या अध्यक्षा प्रमिला भोईर पुढे, आणि सगळ्यांत मागे दोघींच्या आधारानं घरतआजी.

"बाय, मला जरा ऐकायला कमी येतं," आजींनी आल्याआल्या मला सांगितलं. "तू तुझं सांग. मी नुसती बघते."

 शेवटच्या बाकाशी मृणाल असणार होती, आणि तिच्याही मागे ह्या आजी.

आम्ही सुरुवात करणार तोच शिपाई आला. बोंद्रेसाहेबांनी मृणालला वर बोलावलं होतं.

"तुम्ही बाहेरची नक्षी दाखवा तोवर," मृणाल म्हणाली. "मी आल्याशिवाय सभागृहात जाऊ नका."

बाहेर मी त्यांना खांब दाखवले. खांबांच्या माथ्यावर दगडी वेली, वेलींत पोपट, मुंगूस, खारी. मी म्हटलं, ह्या सगळ्यांत एक बेडूक आहे, शोधा. झालं. जो तो खांब बायकांनी वेढला.

"हा बघ गो, बेडूक!"

"ते पान आहे."

"पानाला डोळे असतात का?"

"तुझ्या सासूसारखा दिसतोय, तो बघ तिकडे!"

आणि तोच बेडूक निघाला. एवढा हशा उठला, की मी घाबरून वाचनालयाच्या खिडक्यांकडे पाहिलं. दुपारचं ऊन रणरणत होतं. सावली भिंतीला चिकटून वीतभर उरली होती. घरतआजींनी पदर डोक्यावर ओढला आणि हळूच म्हणाल्या, "बाय, आता बसायला मिळेल का कुठं?" मृणालचा पत्ता नव्हता. आजींचा चेहरा लाल झाला होता. मी मनात देवीचं नाव घेतलं आणि सभागृहाच्या पायऱ्यांकडे वळले.

पायऱ्या मी चढले. उंबरठ्यापाशी उजवा पाय आधी टाकला, माझी सवय. आत गारवा होता. पोळलेल्या तळव्यांना ती फरशी अशी लागली, की मी क्षणभर डोळेच मिटले. मागे बायका येत होत्या, येत होत्या, पण फार सावकाश, आणि मधेच खुसफूस. मी वळले नाही. सभागृहाच्या मध्यापर्यंत गेले, गोल खिडकीकडे तोंड केलं आणि थांबले.

काहीतरी वेगळं होतं. काय, ते कळेना. एवढी माणसं आत आली आणि आवाजच नाही. दर रविवारी ह्या दारातून मंडळी आत शिरली की घोडे आल्यासारखं वाटायचं. आज नुसती साड्यांची सळसळ.

मी वळून पाहिलं. तीस-बत्तीस बायका, सगळ्या अनवाणी. दाराबाहेर, पायरीवर, ऊन खात पडलेला चपलांचा ढीग.

"अहो," मी म्हटलं, "चपला कशाला काढल्या?"

"तुम्ही काढल्यात ना," प्रमिला भोईर म्हणाली.

"मी घातल्याच नव्हत्या! माझं नवरात्र आहे."

"म्हणजे इथं काढायच्या नसतात?" तिनं वर छताकडे, रंगीत काचेकडे पाहिलं. "सकाळपासनं तीन देवळं झाली. हेही तसंच दिसतंय. आम्हाला वाटलं, इथलीही तीच रीत."

"इथे देव नाही. इथे पदव्या देतात."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मागून एक म्हणाली, "राहू द्या आता. काढल्या त्या काढल्या. पुन्हा कोण वाकून बकल लावतंय? पायाला काय गार वाटतंय गो!"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ती शेवटून तिसरी बाई होती. मी माझ्या नेहमीच्या आवाजात बोलले होते, देवघरात पोथी वाचते त्या आवाजात. आणि तिनं तिथून उत्तर दिलं होतं.

मी सांगू लागले. हळूच. छताला सागवानाच्या किती मोठ्या कमानी आहेत ते सांगितलं, वरची गॅलरी पेलणारे लोखंडी हात दाखवले. शब्द तोंडातून निघायचा, सावकाश जायचा, कुठे न आपटता मागच्या भिंतीला टेकायचा. मला माझाच आवाज कळत होता. आयुष्यात पहिल्यांदा. त्याला एक प्रकारचा गोडवा होता, हे सांगायला आता या वयात लाज कसली?

मग मी म्हटलं, आता पायांनी बघा. दाराच्या पायरीवर परत पाय ठेवून या. बायका गेल्या. पायरी मधोमध खोलगट होती, ताटलीसारखी.

"झिजलीय!" एकजण ओरडली आणि स्वतःच तोंडावर हात ठेवून हळू म्हणाली, "झिजलीय."

"पदवी घ्यायला आलेल्या मुलांनी झिजवली," मी म्हटलं. "इतक्या वर्षांत जेवढी म्हणून आली, त्या सगळ्यांचे पाय इथूनच गेले."

"बूट घालून कळलं नसतं ते," प्रमिला म्हणाली.

एव्हाना ऊन पश्चिमेला झुकू लागलं होतं. पश्चिमेची गोल खिडकी तापू लागली, आणि रंग आत उतरले. रविवारी ते फरशीवर पडतात आणि लोक त्यांवरून बूट घालून चालत जातात. त्या दिवशी फरशी दिसतच नव्हती. पांढऱ्या साड्या होत्या. रंग त्या साड्यांवर पडले. एकीच्या खांद्यावर तांबडा, दुसरीच्या पदरावर निळा, प्रमिलाच्या नाकावर बरोबर पिवळा ठिपका. बायका आपापल्या साडीकडे बघू लागल्या, मग दुसरीच्या. एक जण दोन पावलं बाजूला सरकली आणि तिची साडी हिरवी झाली. ती परत सरकली, पुन्हा तांबडी. मग सगळ्याच सरकू लागल्या. बावन्न वर्षांची बाई साठ वर्षांच्या बाईला म्हणत होती, "तू निळ्यातून निघ, आता माझी पाळी!" कोणी मोठ्यानं हसत नव्हतं. हसू तोंडात धरून ठेवलं होतं, खोबऱ्याच्या वडीसारखं.

हे चाललेलं असताना बाहेर काय झालं, ते मला दळवींनी नंतर सांगितलं. ते चहा पिऊन आले, तर दारात चपलांचा ढीग. आत बघतात तो पांढऱ्या साड्यांतल्या बायका, डोक्यात फुलं, हातात प्रसाद. ते तसेच वर साहेबांच्या खोलीत धावले. मृणाल तिथे बसून गोंगाट होणार नाही असं साहेबांना तिसऱ्यांदा पटवत होती.

"साहेब," दळवी म्हणाले, "हॉलमधे बहुतेक सत्यनारायण चाललाय."

मृणालनं म्हणे डोळेच मिटले.

आत मी तोवर व्यासपीठापाशी आले होते. इथे उभं राहून पदवी घेतात, असं सांगितलं. मृणालचा नियम होता, गाईडनं स्वतःचं सांगायचं नाही, इमारतीचं सांगायचं. पण त्या जागेवर आले आणि तोंडातून निघून गेलं.

"माझी पदवी पोस्टानं आली. मी त्या दिवशी बाळंतीण होते. ही जागा मी तीस वर्षं बाहेरूनच पाहिली."

 मग सगळ्यांत मागून, गॅलरीच्या खालून, शेवटच्या बाकावरून घरतआजींचा आवाज आला.

"मग पेढे कोणाच्या नावाचे वाटले? पोराच्या की पदवीच्या?"

"पोरीच्या," मी म्हटलं. "मुलगी झाली होती."

"मग पदवीचे राहिले की गो तुझे!"

सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि हसता हसता थबकले. आजींनी ऐकलं होतं. ज्या नुसतं बघणार होत्या, त्यांनी. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांच्यामागे दारात मृणाल उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती आजींकडे बघत होती.

तिच्या बाजूनं बोंद्रेसाहेब आत शिरले. टाक्. एकच पाऊल. त्यांच्या काळ्या बुटांचा तो आवाज सबंध सभागृहभर गेला, वर गेला, खाली आला. बत्तीस बायका वळल्या. त्यांनी साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, पायांकडे पाहिलं.

"हे सभागृह धार्मिक कार्यासाठी देता येत नाही!" साहेब कडाडले. कमानींनी ते उचललं आणि घोळून घोळून खाली टाकलं.

"काय म्हणाले ते?" घरतआजींनी शेजारणीला विचारलं. "मला नाही कळलं."

"मला पण नाही."

"साहेब," आजी म्हणाल्या, "ह्या बाईंसारखं हळू बोला ना. म्हणजे समजतं."

साहेब उभेच राहिले. मला वाटलं, झालं, संपलं. त्यांनी एकदा माझ्या पायांकडे पाहिलं, एकदा बायकांच्या, एकदा स्वतःच्या. मग त्यांनी कान दिला. वाचनालयाच्या भिंतीकडे मान वळवून ऐकलं. पलीकडे पंखा फिरत होता, तेवढाच आवाज. ते मागे सरले, दाराबाहेर गेले, खाली वाकले. परत आले तेव्हा बूट नव्हते. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता.

"चालू द्या," ते म्हणाले. हळूच. आणि ते मात्र सगळ्यांना ऐकू गेलं.

प्रमिलानं पुढे होऊन त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला. त्यांनी अंगठा मोज्यात ओढून घ्यायचा प्रयत्न करत तो खाल्ला.

उरलेलं मी कसं सांगितलं, मला आठवत नाही. एवढं आठवतं, की मृणालनंही बूट काढले होते आणि ती शेवटच्या बाकाशी, ठरल्याप्रमाणे, उभी होती. हात हलवत नव्हती. थोड्या वेळानं ती खाली फरशीवरच मांडी घालून बसली, शाळेतल्या मुलीसारखी, आणि तिच्या मांडीवर निळा रंग येऊन थांबला.

आमची फेरी पलीकडच्या दारानं बाहेर पडायची. सवयीनं मी त्या दारानं सगळ्यांना बाहेर काढलं आणि मग लक्षात आलं, चपला अलीकडे आहेत. सबंध इमारतीला वळसा घालून परत यावं लागलं. फरश्या तापलेल्या. बायका "आई गं", "उई" करत, सावलीतून सावलीत उड्या मारत निघाल्या. बोंद्रेसाहेब मोज्यांवर त्यांच्या मागून.

"इमारत उजव्या हाताला ठेवा," घरतआजी म्हणाल्या. "प्रदक्षिणा तरी घडेल."

दारात नवीच गंमत. चपला पायात अडकतील म्हणून दळवींनी त्या नीट रचून ठेवल्या होत्या, पण रचताना सगळ्या एक करून टाकल्या. उरणच्या बाजारात चपलांची दुकानं ती किती! अर्ध्या जणींच्या चपला एकाच नमुन्याच्या. कोण म्हणतेय ही माझी, कोण म्हणतेय माझा अंगठा एवढा मोठा नाही, दोघी एका जोडाचे दोन पाय धरून उभ्या. त्या ढिगात वाकून बोंद्रेसाहेब आपला डावा बूट शोधत होते. तो सापडला, तसे ते उभे राहिले.

"चौबळ मॅडम," ते म्हणाले, "दर शुक्रवारी चालेल. अट एकच. चपला बाहेर."

मृणालनं माझा हात धरून मला बाजूला घेतलं. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"शेवटच्या बाकापर्यंत आलं," ती म्हणाली. "शब्द न् शब्द." मग जरा थांबून, "इतके दिवस मी तुमच्या घशाला दोष देत होते, हेमाताई. तुमचा आवाज लहान नव्हताच. आमचे बूट मोठे होते."

 तेवढ्यात प्रमिला आली. तिनं पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला, महालक्ष्मीचा, आणि सगळ्यांत पहिला घरतआजींच्या हातात दिला. आजी पुढे आल्या आणि त्यांनी तो माझ्या तोंडात घातला.

"पदवीचे," त्या म्हणाल्या.

पुढे मी सोळा वर्षं त्या फेऱ्या केल्या. गुडघे बोलू लागले तेव्हा थांबले.

गेल्या थंडीत नात आली होती कॅनडाहून, तिला इमारत बघायची होती. रांगेत उभ्या राहिलो. दाराशी आता लाकडी कपाट आहे, खणांचं, प्रत्येक खणाला क्रमांक. वर पितळी पाटी. गाईड विशीतली मुलगी होती, चुणचुणीत. तिनं माझ्याकडे वाकून बघितलं.

"आजी, चपला इथे काढायच्या हं. इथली फार जुनी पद्धत आहे."

"हो का? किती जुनी?"

"इमारत बांधली तेव्हापासून," ती म्हणाली. "आतल्या आवाजाचा विचार करूनच वास्तुकारानं तसा नियम घालून दिला होता."

नातीनं डोळे मोठे केले. तिला गोष्ट माहीत होती. ती तोंड उघडणार, तोच मी तिचा हात दाबला.

"हुशार असणार तो," मी त्या मुलीला म्हटलं, आणि वाकून चपला काढल्या.